ढाळजेतला पहारा

माळवदाच्या घरात चोर दारातून कमी आणि वरून जास्त यायचा. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात घरं एकमेकांना खेटून, छत मातीचं आणि सपाट. एका माळवदावर चढलं की अख्खी गल्ली पायाखाली. उजेड यायला आणि धूर जायला वर सवणं ठेवलेलं असायचं, बारीक अंगाचा माणूस उतरेल एवढं. म्हणून त्याला आडवे गज. मी लातुरात कॅमेरे बसवायचा धंदा करतो. नव्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की आधी गच्चीचं दार बघतो. गिऱ्हाईक मात्र रस्त्याकडे बोट दाखवत असतं.

आमच्या जुन्या गावातल्या वाड्याची राखण कशी होती ते आजोबा सांगायचे. मोठ्या दाराला दिंडी, आत शिरताना मान खाली घालावीच लागे. दाराच्या आत ढाळज, दोन्ही बाजूंना उंच ओटे, आणि त्यावर दिवसभर कुणी ना कुणी टेकलेलं. कोण आलं, कोणाचं, कशाला, हे तिथंच विचारलं जायचं. रात्री आडवा अडसर भिंतीतून ओढून दाराला लावायचा. ज्वारी भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात. दागिने कुठं असायचे ते आजीलाच माहीत. दगडमातीच्या भिंती दोन-तीन फूट जाड; उन्हासाठी तर होत्याच, पण भगदाड पाडता पाडता चोराला पहाट व्हावी हाही हिशोब.

गावाचा पहारा वेगळा. निजामी राज्यात वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील, पण वेशीवर रात्र काढायचा तो येसकर. हे काम महारांच्या घराण्यांकडे वंशपरंपरेनं. सांजच्याला घरोघर फिरून भाकरी मागायची, ती त्याची मजुरी. ज्या वाड्यांसाठी तो जागायचा, त्यांच्या ढाळजेत त्याला बसता येत नव्हतं. जुन्या गावाच्या एकोप्याच्या गोष्टी सांगताना लोक एवढं वगळतात. चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर जायची. गुन्हेगार जमाती कायद्यानं त्या संशयावर शिक्का मारला. कायदा 1952 साली गेला, संशय अजून पुरता गेलेला नाही. आता पोलीस आधी फुटेज मागतात, एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि तो मला लहान वाटत नाही.

निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धाडींच्या वर्षात मात्र येसकरावर सोडून कुणी झोपलं नाही. वेशीला दगड-काटेरी फांद्या लावून गाव पाळीपाळीनं जागायचं. ज्यांना जमलं ते बार्शी-सोलापूरकडे, सरहद्दीपलीकडे गेले. 17 सप्टेंबर 1948ला निजामानं शरणागती पत्करली, तेव्हा कुठं वेशी मोकळ्या झाल्या.

आमच्याकडचा पहारा खरा बदलला तो 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे. गणपती विसर्जनाची रात्र, चार वाजायला चार मिनिटं असताना भूकंप झाला. चोराला अडवणाऱ्या त्याच जाड भिंती आणि फूट-दोन फूट मातीचं छत झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर 52 गावं दुसऱ्या जागी बसवली. जमिनीच्या हिशोबानं 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांचं घर, रुंद रस्ते, प्रत्येकाचा सुटा प्लॉट. घर पडण्याची भीती कमी झाली. पण गाव कितीतरी पटींनी पसरलं; शेजाऱ्याला हाक मारली तर ऐकू जाईना. ढाळज कुठल्याच नकाशात नव्हती. आमच्या पिढीनं हळूहळू कंपाउंड घातलं, कुत्रं पाळलं, त्यावर काचा रोवल्या. कंपाउंडवर हो, कुत्र्यावर नव्हे.

लातूर शहरात तेव्हा गुरख्याचं राज्य होतं. तिथल्या गंजगोलाई चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांवर काठी आपटत, शिट्टी फुंकत तो फिरायचा आणि महिन्याला दारात येऊन दहा-वीस रुपये न्यायचा. कॅमेरे आले तरी लोडशेडिंगमुळे आमची दुकानं बरीच वर्षं इन्व्हर्टरवरच चालली. आणि 2016च्या दुष्काळात तर लातूरकरांनी दागिन्यांआधी हौदाला कुलूप लावलं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी होती, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. गच्चीवरच्या टाकीकडे कॅमेरा वळवून मागणारी माणसं मी त्याच उन्हाळ्यात बघितली.

नांदेडहून फोन वाढले ते 5 एप्रिल 2022 नंतर. शारदानगरात एका बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा घरासमोर गोळ्या घातल्या. घराच्याच कॅमेऱ्यानं सगळं टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते चित्रण मोबाइलवर फिरत होतं. कॅमेरा होता, माणूस वाचला नाही. त्यानंतर फोन करणारा प्रत्येक जण ‘तसाच’ कॅमेरा मागत होता.

त्यांना मी समजावायचो की कॅमेरा अडवत नाही, नंतर दाखवतो. 2.8 एमएमचं भिंग अख्खं अंगण दाखवतं, पण पाच-सहा मीटरपलीकडचा चेहरा ओळखू येत नाही. गेटवर 6 एमएमचं लावा. चार कॅमेरे आणि 1 टीबीची डिस्क असेल तर दोन-तीन आठवड्यांत जुनं पुसून त्यावर नवं बसतं. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच उचलतो. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी जाळं विणतो, आणि मग हालचालीच्या इशाऱ्यांनी मोबाइल रात्रभर वाजत राहतो. महिन्यातून एकदा फडकं फिरवा. एप्रिल 2025 पासून सरकारी चाचणी पास झालेलेच नवे कॅमेरे विकायचे असा नियम आहे, तेव्हा बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या.

जागा ठरवताना घरातल्या बाईला विचारल्याशिवाय मी भिंतीला ड्रिल लावत नाही. ओट्याकडे तोंड करून कॅमेरा लागला की दुपारी तिथं शेंगा फोडत बसणाऱ्या शेजारणी उठून जातात, आणि दिवसाचा फुकट पहारा बुडतो.

कोटेशन देण्याआधी आणखी एक विचारतो: रात्री दोनला मोबाइल वाजला तर उठून कोण जाणार? ज्यांची मुलं पुण्याला असतात, ते गप्प बसतात. मग शेजाऱ्याचा नंबर घेऊन त्यालाही ॲपमध्ये जोडून देतो. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असेल तर मात्र काम अडतं.