पहारेकरी आणि परीक्षक : चित्रपटांविषयीच्या ख्रिस्ती भूमिकेचा इतिहास

अमुक एक चित्रपट ख्रिस्ती माणसाने पाहावा की पाहू नये, हा प्रश्न पाळकांना व धर्मशिक्षकांना वारंवार विचारला जातो. आणि पुष्कळदा त्याचे उत्तर तो चित्रपट न पाहताच दिले जाते. असे उत्तर देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो यात शंका नाही. तथापि, ज्या तरुणाने तो चित्रपट पाहिलेला असतो त्याला हे उत्तर ऐकीव आहे हे तत्काळ कळते, आणि पुढच्या खेपेस तो प्रश्न विचारण्यास येत नाही. म्हणून हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीने आजवर कसा हाताळला, याचे थोडे सिंहावलोकन करण्याचे आम्ही योजिले आहे.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच मुलखात शोधता येतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत गिरगाव येथील एका तंबूवजा चित्रगृहात प्रभू येशूच्या जीवनावरील एक परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण, अयोध्या व गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनी पुढे 1917 साली 'नवयुग' मासिकातील लेखांत नमूद केले. त्या ध्यासातून 'राजा हरिश्चंद्र' निर्माण झाला आणि 3 मे 1913 रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला.

ही हकीकत ख्रिस्ती लेखक काहीशा अभिमानाने सांगतात. आम्हांस मात्र तीत अभिमानापेक्षा बोध अधिक दिसतो. ख्रिस्तजीवनाचे चित्र पाहून फाळके ख्रिस्ताकडे वळले नाहीत. ते आपल्या श्रद्धेकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागले. याचा अर्थ असा की, चित्रपट जितका पडद्यावर घडतो तितकाच तो पाहणाऱ्याच्या अंतःकरणात घडतो. प्रेक्षक म्हणजे रिकामे मडके नव्हे, की वरून जे ओतावे तेच त्यात साठावे. ही गोष्ट ओळखण्यास ख्रिस्ती मंडळीला पुढे बराच काळ लागला.

पहाऱ्याचा काळ

चित्रपट हे लोकरंजनाचे सर्वांत प्रबळ साधन झाल्यावर मंडळीच्या मनात प्रथम भीती उपजली. अमेरिकेतील रोमन कॅथलिक बिशपांच्या प्रेरणेने 1930 नंतरच्या काही वर्षांतच 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संघटना उभी राहिली. ती चित्रपटांची प्रतवारी करी, आणि निषिद्ध ठरविलेले चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा श्रद्धावंत घेत. पोप अकरावे पायस यांनी 1936 साली काढलेल्या 'विजिलांती कुरा' या परिपत्रकात या उपक्रमाची प्रशंसा केली आणि इतर देशांनीही अशी परीक्षण कार्यालये स्थापावीत असे सुचविले. परिपत्रकाच्या नावातच जागरूकतेचा, पहाऱ्याचा भाव आहे.

ही भूमिका सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. मुलांच्या मनाची जपणूक हे पाळकाचे कर्तव्य तेव्हा होते तसे आजही आहे. परंतु पहारेकऱ्याची दृष्टी नेहमी कुंपणावर असते. शेतात काय पिकले आहे हे पाहण्यास त्याला सवड नसते. इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' या लघुचित्रपटाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये मोठे आंदोलन झाले व त्याचा परवाना काढून घेण्यात आला. अखेर 1952 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ धर्मनिंदेच्या कारणावरून चित्रपटावर बंदी घालता येणार नाही. पुढे 1995 साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने 45 उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत याच रोसेलिनींचे दोन चित्रपट आहेत, आणि त्यांपैकी एक संत फ्रान्सिस व त्यांच्या सोबत्यांवर आहे.

परीक्षकांचा उदय

या काळातच दुसरा एक प्रवाह शांतपणे वाहत होता. 1928 साली कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटना स्थापन झाली होती, आणि 1955 साली प्रॉटेस्टंटांनी 'इंटरफिल्म' ही संस्था काढली. या संस्थांचे परीक्षक चित्रपट महोत्सवांत बसून चित्रपट पाहत, आपसांत वाद घालीत आणि पारितोषिके देत. निषिद्धांची यादी करणे सोपे असते. उत्तमाची निवड करताना मात्र उत्तम म्हणजे काय, हे स्वतःला आधी ठरवावे लागते.

या वृत्तीची खरी कसोटी 1964 साली व्हेनिस येथे लागली. पिएर पाओलो पाझोलिनी हे मार्क्सवादी व स्वतःस निरीश्वरवादी म्हणविणारे इटालियन कवी होते. आदल्याच वर्षी एका लघुचित्रपटात धर्माची अवहेलना केल्याबद्दल न्यायालयाने त्यांना चार महिन्यांची शिक्षा सुनावली होती. ऑक्टोबर 1962 मध्ये ते असिसी येथे एका कॅथलिक संस्थेचे पाहुणे होते. त्याच वेळी पोप तेविसावे जॉन यांची स्वारी असिसीस आली होती व गावात अलोट गर्दी उसळली होती. खोलीत बसून राहिलेल्या पाझोलिनींनी तेथे ठेवलेली शुभवर्तमाने हाती घेतली व एका बैठकीत वाचून काढली. त्या वाचनातून 'मत्तयकृत शुभवर्तमान' हा चित्रपट जन्मास आला. तो त्यांनी दिवंगत पोप जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला.

या चित्रपटातील संवाद मत्तयाच्या ग्रंथातूनच घेतलेले आहेत. पॅलेस्टाइनची भूमी प्रत्यक्ष पाहून आल्यावर ती फार आधुनिक झाली आहे असे पाझोलिनींना वाटले, म्हणून दक्षिण इटलीतील मातेरा व आसपासच्या दरिद्री गावांत चित्रीकरण झाले. ख्रिस्ताची भूमिका स्पेनमधील एका विद्यार्थ्याने केली, मरीयेची उत्तरवयातील भूमिका दिग्दर्शकाच्या आईने. बहुतेक पात्रे म्हणजे साधी, उन्हाने रापलेली माणसे होती. हॉलिवूडच्या ख्रिस्तपटांतील भव्य देखावे व तेजोवलये येथे नाहीत. येथील ख्रिस्त भरभर चालतो, चालता चालता मागे वळून बोलतो, आणि परूश्यांना फटकारताना त्याचा आवाज चढतो.

हा चित्रपट व्हेनिसला दाखविला गेला तेव्हा बाहेर निदर्शने झाली. कॅथलिक परीक्षकांनी मात्र त्याला आपले पारितोषिक दिले. निर्माता कोण आहे, त्याचे मत काय आहे, हे प्रश्न त्यांनी विचारले असतील. पण अखेरचा प्रश्न पडद्यावर सत्य प्रकटले की नाही, हा होता. पुढे 1968 साली याच पाझोलिनींच्या 'तेओरेमा' चित्रपटालाही कॅथलिक परीक्षकांनी गौरविले, तेव्हा व्हॅटिकनने तीव्र नापसंती व्यक्त केली. परीक्षणाचा मार्ग निर्धोक नसतो, हेही यावरून दिसते. तरी तो मार्ग सोडला गेला नाही. 1974 पासून कान महोत्सवात कॅथलिक व प्रॉटेस्टंट परीक्षक एकत्र बसू लागले. व्हॅटिकनच्या 1995 च्या यादीत पाझोलिनींचा ख्रिस्तपटही आहे.

आमच्यापुढील काम

मराठी ख्रिस्ती परीक्षकाला या वृत्तीचे उदाहरण युरोपातूनच आणावयास नको. प्रभात कंपनीचा 1936 चा 'संत तुकाराम' आठवावा. व्हेनिसच्या 1937 च्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. ज्या मंडळीचा श्रेष्ठ कवी असा आहे, तिच्या धर्मशिक्षकाने विष्णुपंत पागनीसांच्या मुखावरील निरिच्छ आनंद पाहून, हा आपल्या विषयाचा नाही असे म्हणणे बरे नव्हे. उलटपक्षी, 1978 च्या 'करुणामयुडु' या तेलुगू ख्रिस्तपटाची हिंदी आवृत्ती 'दयासागर' गावोगावी भाविकांनी पाहिली. तो भक्तीने काढलेला आहे म्हणून त्याच्या कलागुणांची व उणिवांची चर्चाच करू नये, हेही योग्य नव्हे. विषय ख्रिस्ती असल्याने चित्रपट चांगला ठरत नाही, आणि विषय अख्रिस्ती असल्याने तो वाईट ठरत नाही.

मग परीक्षकाने कशाचा शोध घ्यावा? आमच्या मते तीन गोष्टींचा. पहिली, चित्रपटात माणूस देवाच्या प्रतिरूपाने निर्मिलेला जीव म्हणून दिसतो, की केवळ उपभोगाची वस्तू म्हणून? दुसरी, पाप दाखविले आहे की पापाची चव घेतली आहे? पवित्र शास्त्रातही दाविदाचे पाप झाकलेले नाही. पण ते सांगताना नाथान संदेष्ट्याचा आवाज तेथे आहे. तिसरी, दुःख व मृत्यू यांना चित्रपट प्रामाणिकपणे सामोरा जातो, की स्वस्त सांत्वन देतो? या शेवटच्या कसोटीवर कित्येक धार्मिक चित्रपट उणे ठरतील आणि कित्येक अश्रद्धांच्या कृती उतरतील.

हा विवेक प्रवचनपीठावरून एका वाक्यात देता येत नाही. तो एकत्र बसून, पाहून, बोलून शिकवावा लागतो. 1988 साली मार्टिन स्कोर्सेसी यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' विरुद्ध ख्रिस्ती जगतात मोठा क्षोभ उसळला होता. जपानमधील छळ व धर्मत्याग यांवरील त्यांचा 'सायलेन्स' हा चित्रपट 2016 साली रोममध्ये शेकडो येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांच्यासमवेत पाहिला. मधल्या 28 वर्षांत दोन्ही बाजूंनी दार पूर्ण लावून घेतले असते, तर ती भेट घडली नसती. आपल्या मंडळीतील जो तरुण आज प्रश्न घेऊन येतो, त्याच्यासाठीही दार तसेच उघडे राहावे. आणि आत बसलेल्या पाळकाने तो चित्रपट पाहिलेला असावा.