सिएनाची एकटी भिंत

इटली देशाच्या तोस्काना प्रांतांत सिएना नांवाचें एक जुनें डोंगरी शहर आहे. तेथील कॅथीड्रल देवळाच्या बाजूस एक प्रचंड भिंत एकटीच उभी आहे. तिच्या मधल्या भव्य कमानींतून नुसतें आकाश दिसतें. नवख्या प्रवाशास वाटतें, हे एखाद्या पडलेल्या देवळाचे अवशेष असावेत. वस्तुतः तें देऊळ पडलें नाहीं. तें कधीं पुरें झालेंच नाहीं. ज्युबिलीच्या निमित्तानें त्या भिंतीचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

सिएनाकरांनीं आपलें शहर पवित्र मरियेस वाहिलें होतें. सन १२६० मध्यें फ्लोरेन्सचें बलाढ्य सैन्य चालून आलें, तेव्हां शहराच्या किल्ल्या कॅथीड्रलांत मरियामातेच्या चरणीं ठेवण्यांत आल्या, असें परंपरा सांगते. ता. ४ सप्टेंबर रोजीं मोंतापेर्तीच्या रणांगणावर सिएनाचा जय झाला. पुढें या देवळावर शहरानें आपलें द्रव्य व कौशल्य ओतलें. निकोला पिसानो यानें सन १२६५ ते १२६८ या काळांत संगमरवरी प्रवचनपीठ घडविलें. त्याचा मुलगा जोव्हान्नी यानें दर्शनी भिंतीचें काम हातीं घेतलें. सन १३११ च्या जून महिन्यांत दुच्चोनें रंगविलेलें मरियामातेचें भव्य चित्र मिरवणुकीनें देवळांत नेलें, त्या दिवशीं शहरांतील दुकानें बंद होतीं.

मग देऊळ लहान वाटूं लागलें. तें डोंगराच्या उताराकडे वाढवावें, म्हणून खालीं बाप्तिस्मागृह बांधून त्याच्यावर वेदीमागील भाग नेण्याचें ठरलें. सन १३२२ मध्यें लोरेंझो माइतानी प्रभृति कारागिरांनीं पाहणी करून बजावलें, कीं नवा पाया पुरेसा नाहीं, काम थांबवावें. तरी काम चालूच राहिलें. इतकेंच नव्हे, तर सन १३३९ च्या ऑगस्टांत नगरसभेनें त्याहूनहि मोठा बेत मंजूर केला. काटकोनांत एक विशाल मध्यदालन उभारावें, आणि असलेलें जुनें देऊळ ही नव्या देवळाची केवळ आडवी भुजा व्हावी, असा तो बेत होता. त्यांत भक्ति होती. परंतु फ्लोरेन्सशीं चढाओढ नव्हती, असें म्हणवत नाहीं.

लांदो दि प्येत्रो या कुशल कारागिराकडे काम सोंपविलें. तो वर्षभरांतच वारला. इतरांनीं तें पुढें चालविलें. नव्या देवळाची दर्शनी भिंत व एका बाजूचें दालन उभें राहिलें. तोंच सन १३४८ मध्यें प्लेगची महामारी आली. आपलीं पांच मुलें आपण स्वतःच्या हातांनीं पुरलीं, असें आन्योलो दि तूरा या बखरकारानें लिहून ठेविलें आहे. शहरांतील निदान निम्मे लोक गेले असावेत. हात उरले नाहींत, पैसा आटला. आणि नवें बांधकाम भारास अपुरें असल्याचेंहि तपासणींत उघड झालें. सन १३५७ मध्यें धोक्याचे भाग उतरविण्याचें ठरून तो बेत कायमचा सोडून देण्यांत आला.

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत येथें कोणासहि आठवेल. त्या दृष्टांतांतील माणसास लोक हंसतात. सिएनाकरांस हंसण्याचें मात्र आमच्यानें होत नाहीं. कारण हात टेंकून ते घरीं बसले नाहींत. ज्या जुन्या देवळास त्यांनीं एका भुजेची जागा नेमून दिली होती, त्याच्याकडेच ते परत वळले. वेदीमागील भाग पुरा केला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दर्शनी भिंतीचा वरचा भाग चढविला. रंगीत संगमरवर बसवून जमिनीवर पवित्र शास्त्रांतील व प्राचीन कथांतील ५६ चित्रें केलीं; तें काम पिढ्यानपिढ्या चालून एकोणिसाव्या शतकांत संपलें. प्रारंभ करणाऱ्यांपैकीं कोणींहि तें पुरें झालेलें पाहिलें नाहीं.

अर्धवट दालनाच्या भिंतींत आतां संग्रहालय असून दुच्चोचें चित्र तेथेंच आहे. मध्यदालनाच्या जागीं उघडा चौक आहे. भक्तजन तो ओलांडून जुन्या देवळांत मिस्सेस जातात. आपल्या वाडवडिलांचेहि कांहीं बेत वहींतच राहिले असतील. त्यांचा आम्हांस खेद वाटूं नये. मात्र जें देऊळ त्यांनीं उभें करून आपल्या हातीं दिलें, त्याचें गळकें छप्पर आधीं पाहावें.