पाषाणभेदाची पुडी

परभणीत आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. भिंतीला लाकडी खणांची मांडणी आणि प्रत्येक खणावर अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी: हिरडा, बेहडा, गुळवेल, पाषाणभेद. मुतखड्याचं दुखणं घेऊन कुणी वैद्यांची चिठ्ठी आणली, की अण्णा तो शेवटचा खण ओढत. बोटाएवढे तांबूस, सुरकुतलेले तुकडे निघत. अण्णा एक तुकडा अडकित्त्याने कातरून आतला रंग गिऱ्हाइकाला दाखवत, मगच माल तागडीत टाकत.

चरकसंहितेत मूत्रविरेचनीय दहा द्रव्यांत पाषाणभेद आहे, सुश्रुतसंहितेत अश्मभेदक. दगडाच्या फटीत मूळ धरणारी वनस्पती पोटातला खडाही फोडेल, हा त्या नावामागचा विश्वास. लॅटिनमधल्या ‘सॅक्सिफ्रागा’ या वनस्पतिनामाचा अर्थही ‘दगड फोडणारी’ असाच, आणि युरोपातही ती वनस्पती मुतखड्यावर देत. आमच्या खणातल्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव बर्जेनिया लिग्युलाटा. वनस्पतिशास्त्रज्ञ वालिच यांनी तिला आधी सॅक्सिफ्रागाच म्हटलं होतं. आजही तिचं कूळ सॅक्सिफ्रागाचंच आहे. युरोपातले बागवान ज्या सदाहरित सॅक्सिफ्रागा दगडांच्या बागेत लावतात, त्यांचीच ही हिमालयातली भावकी.

नाव मात्र एकाच झाडाचं राहिलं नाही. कुठे पानफुटीला पाषाणभेद म्हणतात, दक्षिणेत नदीपात्रातल्या खडकांत वाढणाऱ्या एका झुडपाला. म्हणून तर अण्णा तुकडा कातरून बघत. नावावर माल घेऊ नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

दुकान बंद झाल्यावर आईला घेऊन बद्रीनाथला गेलो. वाटेत एका ओल्या, सावलीतल्या कड्यावर तळहाताएवढी जाड पानं दिसली, कडांना बारीक लव. खाली अंगठ्याएवढं मूळ खडकाला चिकटून आडवं पसरलेलं, जुन्या पानांच्या खुणांची वळी त्याच्यावर. मी हात लावला आणि अण्णांचा खण आठवला. सुकून, कातरून परभणीला येणारा तो तुकडा इथे असा जिवंत होता.

तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं. पण आपण विकत होतो ते मूळ, आणि मूळ उपटलं की ती फट रिकामी होते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुड्या बांधल्या, पण तिथे पुन्हा काय लावलं जातं, हे कधी विचारलं नाही. ज्या धंद्याने झाड ओळखायला शिकवलं, त्याने ते राखायलाही शिकवायला हवं होतं.

परभणीच्या उन्हाळ्यात बर्जेनिया टिकणार नाही, म्हणून ती मी आणली नाही. अंगणातल्या काळ्या दगडांच्या बेचक्यात पानफुटी लावली आहे. वनस्पतिशास्त्रात तिचाही गण सॅक्सिफ्रागेल्सच. गळून पडलेल्या पानाच्या काठावर कोंब फुटतात. नातवंडं ते मोजतात, आणि मी त्यांना सांगतो, हिला पाषाणभेद म्हणतात, पण तो खणातला पाषाणभेद हा नव्हे.