पैसे आले, पण आपले कधी झाले?

आमच्या ओळखीतल्या एक ताई घरगुती फराळ परदेशी पाठवतात. गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या एका नव्या गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरले. डबा पोचल्याची कुरिअरची नोंद आली आणि ताईंनी तो हिशोब मिटवला. फेब्रुवारीत ईमेल आला: 'माल मिळालाच नाही' अशी तक्रार आहे. रक्कम खात्यातून वळती झालेली, वर तक्रारीचं शुल्क वेगळं. याला म्हणतात चार्जबॅक. ताईंनी विचारलं, "चार महिन्यांनी पैसे ओढून घ्यायचा हक्क यांना दिला कुणी?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

विकणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी, मग मधली जोखीम कुणाची? हा झगडा इंटरनेटने आणलेला नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात 'जोखमी हुंडी' चालायची. गलबत सुखरूप बंदराला लागलं तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे. बुडालं तर हुंडी विकत घेणाऱ्याचं नुकसान. पण त्याने ती जोखीम जाणूनबुजून, मोबदला घेऊन पत्करलेली असायची.

पुढे १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही.पी. सुरू केली. पोस्टमन दारात पार्सल आणणार, तुम्ही रोख मोजणार, मग पैसे विक्रेत्याकडे जाणार. मराठी प्रकाशकांची कितीतरी पुस्तकं अशीच गावोगाव गेली. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारलं तर पुस्तक परत यायचं आणि टपालखर्च अंगावर पडायचा. तोटा होताच, पण तो लगेच कळायचा. एकदा हातात आलेली रक्कम मात्र कुणी चार महिन्यांनी परत मागत नसे.

कार्डाने हा क्रम उलटा केला. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात ६०,००० कार्डं लोकांच्या घरी थेट पोस्टाने धाडली, कुणी मागितली नसताना! इतर बँकांनीही तोच कित्ता गिरवला. मग चोरीची कार्डं, चुकीची बिलं आणि दाद न देणाऱ्या बँका, असा गोंधळ वाढत गेला. १९७० मध्ये न मागता कार्ड पाठवायला बंदी आली. कार्ड चोरीला जाऊन वापरलं गेलं तर ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, अशी मर्यादाही आली.

त्यानंतरचा कायदा आपल्या विषयाचा. २८ ऑक्टोबर १९७४ रोजी अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टवर सही झाली. बिल आल्यापासून ६० दिवसांत ग्राहकाने लेखी कळवायचं. तपास होईपर्यंत वादातली रक्कम त्याच्याकडून वसूल करायची नाही. न मिळालेला माल हीसुद्धा बिलातली चूकच धरली गेली. त्याच वर्षी ब्रिटननेही आपल्या कायद्यात कार्डधारकाला असंच संरक्षण दिलं.

या अमेरिकन कायद्यातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. मालाच्या दर्जावरून भांडून पैसे अडवायचे असतील तर खरेदी ५० डॉलरहून जास्त हवी आणि ती ग्राहकाच्याच राज्यात किंवा त्याच्या घरापासून १०० मैलांच्या आत झालेली हवी. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गावातलं, जवळपासचं दुकान होतं. पुण्यातून टेक्सासला जाणारा चकलीचा डबा नव्हता.

कार्ड कंपन्यांचे स्वतःचे नियम यापेक्षा पुष्कळ पुढे गेले. तिथे अंतराची अट नाही, आणि तक्रारीची मुदत साधारण १२० दिवस. ताईंचे चार महिने इथून आले. ग्राहकाची बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे घेते, ती दुकानदाराकडून घेते. साखळीत शेवटी उभा असतो विक्रेता.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली. पुढे घरोघरी पोचलेला ओटीपी तो हाच. 'हा व्यवहार मी केलाच नाही' म्हणणं त्याने अवघड झालं. पण परदेशी कार्डाला ही सक्ती लागू नाही. आणि 'माल मिळाला नाही' या तक्रारीवर ओटीपीचा काही इलाज नाही.

आता कुणी म्हणेल, ग्राहकाचं संरक्षण नको का? हवंच. आपण सगळेच ग्राहक आहोत. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकामुळे, आपली चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर पडत नाही. हे चांगलंच आहे. अडचण एवढीच की १९७४ मध्ये दुबळा होता तो ग्राहक, आणि समोर होती बँक. आज टोकाला उभी असते स्वयंपाकघरातून धंदा करणारी बाई, आणि तिला बँकेच्या जागी धरलं जातं. जोखमी हुंडी घेणाऱ्याला जोखमीची किंमत मिळायची. ताईंना आपण जोखीम घेतलीय हेच ठाऊक नव्हतं. ते लिहिलं होतं पेमेंट कंपनीच्या करारात, 'मान्य' दाबताना न वाचलेल्या पानांत.

म्हणून मागणी साधी आहे. मुदत किती, शुल्क किती, पुरावा कोणता चालेल, हे खातं उघडतानाच मराठीत एका पानावर द्या. आणि पैसे कापण्याआधी विक्रेत्याचं ऐकून घ्या.

तोवर धंदा करणाऱ्यांनी सहीची पोच, पार्सलचं वजन केल्याची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं किमान सहा महिने जपून ठेवा. ताईंनी आपल्याकडचे सगळे कागद पाठवलेत. निकाल अजून यायचाय.