वेताळ, विनोद, राजेश आणि बहादूर

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४मध्ये मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिले बरेच अंक एकाच नायकाचे होते. अमेरिकेत ली फॉक यांनी १९३६मध्ये 'फँटम' नावाचा मुखवटाधारी नायक वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आणला होता. तोच इथे अवतरला. मराठी आवृत्तीत मात्र त्याचे नाव वेताळ झाले. गावकुसाबाहेरच्या वेताळाला आपण पिढ्यानपिढ्या ओळखत होतो. त्यामुळे घट्ट कपडे घातलेला, कवटीच्या गुहेत राहणारा हा गोरा माणूस मराठी पोरांना परका वाटला नाही. नावाने अर्धे काम केले होते.

नावांची ही अदलाबदल तेवढ्यावर थांबली नाही. मूळ मालिकेत फँटमचा देश 'बंगाला' होता. भारतात तो बंगाल वाटला असता, म्हणून त्याचे 'डेंकाली' केले गेले. मूळ कथांतल्या चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची होती. तीही इथे 'सिंगा' झाली. कोणाला वाईट वाटू नये, कोणाचा गैरसमज होऊ नये, ही संपादकांची काळजी समजण्यासारखी आहे. पण नाव बदलताना संपादकाच्या डोळ्यांसमोर एक वाचक असतो. तो कोण आहे, त्याला काय चालेल आणि काय चालणार नाही, याचा अंदाज तो बांधतो. आपल्याकडच्या रहस्यकथांचा इतिहास या नजरेने वाचला, की वेगळाच तपास हाती लागतो.

मराठीत हा प्रकार इंद्रजालच्या कितीतरी आधीचा. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेश चढवला. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथा घराघरांत नेली. हेही टोपणनावच. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने आल्या, अशी नोंद गिनीज बुकात झाली होती. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. धनंजय-छोटूची जोडी पाहिली की शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन आठवतात. पण लंडनचे धुके मुंबईत आणून भागले नसते. माणसे इथली हवीत, बोलणे इथले हवे, म्हणून नावेही इथली आली. वाचकाने ती लगेच आपली मानली. समीक्षकांनी या पुस्तकांकडे ढुंकून पाहिले नाही, तरी वाचनालयात त्यांच्यासाठी नंबर लागत.

त्याच सुमारास उर्दूत काय चालले होते? मराठी वाचकाला हे सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. अलाहाबादेत असरार अहमद नावाचा एक तरुण शायरी आणि विनोदी लेखन करत होता. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून त्याने 'इब्ने सफी', सफीचा मुलगा, असे नाव घेतले. मार्च १९५२मध्ये त्याची 'दिलेर मुजरिम' ही पहिली कादंबरी 'जासूसी दुनिया' या मासिक मालिकेत आली. प्रकाशक होते अब्बास हुसैनी. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे तिचे नायक. पहिल्या कथेचा सांगाडा इंग्रजीतून घेतलेला होता. पण फरीदीचा करारीपणा आणि हमीदचा खट्याळपणा अस्सल हिंदुस्तानी. त्याच वर्षी इब्ने सफी कराचीला गेले. मालिका मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना निघत राहिली. १९५५मध्ये 'खौफनाक इमारत'पासून त्यांनी दुसरी मालिका सुरू केली. तिचा नायक अली इमरान, वरून वेडगळ आणि आतून वस्तऱ्यासारखा. १९६०च्या सुमारास लेखक मानसिक आजाराने खचला आणि तीन वर्षे लेखणी बंद राहिली. १९६३मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन तो परतला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. २६ जुलै १९८० रोजी, आपल्या बावन्नाव्या वाढदिवशीच, इब्ने सफी वारले. तोवर दोन्ही मालिका मिळून अडीचशेच्या आसपास कादंबऱ्या झाल्या होत्या.

याच कादंबऱ्या अलाहाबादेतून हिंदीतही निघत. हिंदीत आल्यावर फरीदीचा विनोद झाला. इमरानचा राजेश झाला. हमीद तेवढा हमीदच राहिला.

मला ही गोष्ट बराच काळ नुसती गमतीची वाटे. आज ती तशी वाटत नाही. होम्सचा धनंजय होतो तेव्हा तो सात समुद्र ओलांडून येतो. भाषा, देश, हवामान, खाणेपिणे सगळेच बदललेले असते. नाव कसे टिकेल? फरीदी तर शहरही ओलांडत नाही. त्याच अलाहाबादेत तो उजवीकडून डावीकडे लिहिण्याऐवजी डावीकडून उजवीकडे लिहिला जातो, एवढेच. बोली तीच, गल्ली तीच. तरी त्याला नाव बदलावे लागते. साहाय्यक हमीद असला तर चालतो, मुख्य डिटेक्टिव्ह मात्र विनोद हवा, असे कोणीतरी ठरवलेले असते. फाळणीला जेमतेम काही वर्षे झाली होती. प्रकाशकाला पुस्तक विकायचे होते. त्याने द्वेषापोटी हे केले असे मला वाटत नाही. त्याने वाचकाचा अंदाज बांधला. तो बरोबर होता की वाचकाला कमी लेखणारा होता, हा प्रश्न मात्र उरतो. २०११मध्ये चेन्नईच्या एका प्रकाशनाने 'जासूसी दुनिया'तल्या चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या. भाषांतर थोर उर्दू समीक्षक शम्सुर रहमान फारुकी यांचे. तिथे फरीदी फरीदीच आहे. लांबच्या भाषेत नाव शाबूत राहिले आणि शेजारच्या लिपीत बदलले.

आता पुन्हा इंद्रजालकडे येऊ. वेताळाच्या मागोमाग तिथे जादूगार मँड्रेक आला. खरेखुरे डिटेक्टिव्हही आले. चष्मा लावणारा, पाइप ओढणारा, मुठीपेक्षा डोके चालवणारा रिप कर्बी आणि पोलिसी तपास करणारा केरी ड्रेक हे त्यांतले दोघे. सगळेच अमेरिकन. बारा वर्षे अशी गेल्यावर, डिसेंबर १९७६मध्ये, इंद्रजालमध्ये पहिल्यांदा एक भारतीय नायक स्वतःच्या मालिकेसह उतरला. तो बहादूर. त्याला जन्म दिला आबिद सुरती यांनी. चित्रे होती गोविंद ब्राह्मणिया यांची. वेताळाची मुखपृष्ठे रंगवून त्यांचा हात आधीच वाचकांच्या ओळखीचा झाला होता.

आबिद सुरतींचा जन्म १९३५चा, गुजरातचा. वाढले मुंबईच्या डोंगरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांना घेऊन बंदराकडून गाडी यायची. वस्तीतली मुले तिच्यामागे धावायची आणि सैनिक खाऊ भिरकावायचे. एकदा त्यात एक कॉमिक आले आणि त्याचे एक पान आपल्या वाट्याला आले. त्यावरचा मिकी माऊस गिरवत आपण चित्रकार झालो, असे सुरतींनीच सांगितले आहे. पुढे ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. 'धर्मयुग' साप्ताहिकातला त्यांचा 'ढब्बूजी' कित्येक वर्षे चालला. अनेक वाचक अंक शेवटच्या पानाकडून उघडत ते त्याच्यासाठी.

बहादूरची गोष्ट त्या काळाच्या पोटातून आली. १९६०मध्ये विनोबांपुढे आणि १९७२मध्ये जयप्रकाशांपुढे चंबळच्या डाकूंनी शस्त्रे ठेवली होती. १९७५मध्ये 'शोले' आला होता. डाकू हा घराघरातल्या बोलण्याचा विषय होता. सुरतींचा बहादूर स्वतः डाकूचा मुलगा आहे. बाप पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला. अशा मुलाने सूड घ्यायचा, ही आपल्या सिनेमाची रीत. बहादूर सूडाची वाट सोडतो आणि कायद्याच्या बाजूने उभा राहतो. गावकऱ्यांना एकत्र करून तो नागरिक सुरक्षा दल बांधतो. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स. सोबत बेला, जी वाचवले जाण्याची वाट पाहत बसत नाही, स्वतः दोन हात करते. वेताळाजवळ कवटीची अंगठी आणि चारशे वर्षांची दंतकथा होती, मँड्रेककडे संमोहन होते. बहादूरकडे गाव होते. तपास तो गावाच्या बळावर करायचा.

आणि त्याचे नाव. 'बहादूर' हा शब्द मध्य आशियातल्या तुर्क-मंगोलांकडून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. इथे तो सर्वांचा झाला. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर. शिखांचे नववे गुरू तेग बहादूर. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर, जो १७६१मध्ये पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्या जखमांनी गेला. देशाचे दुसरे पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री. इंग्रजांनी किताब वाटले तेव्हा हिंदूंना 'रावबहादूर' किंवा 'रायबहादूर', मुसलमान आणि पारशांना 'खानबहादूर'. किताबाचा पुढचा अर्धा भाग धर्म पाहून बदले, मागचा अर्धा तोच राही. डोंगरीत वाढलेल्या या लेखकाने नायकासाठी नेमका तो मागचा अर्धा उचलला. कथेत बहादूरचा बाप भैरवसिंह आहे, म्हणजे नायकाचा धर्म काही लपलेला नाही. सुरतींनी हे ठरवून केले असा माझा दावाही नाही. पण मराठी आवृत्तीत हे नाव बदलण्याची गरज पडली नाही. उर्दूत लिहिले असते तरी पडली नसती.

पुढे मालिका बदलत गेली. लेखन इतरांच्या हाती गेले. जगजित उप्पल यांनी बऱ्याच कथा लिहिल्या. डाकू मागे पडले, तस्कर आणि शहरी गुन्हेगार पुढे आले. ऐंशीच्या दशकात इंद्रजाल साप्ताहिक झाले. पण त्याच दशकात घरोघरी टीव्हीही आला. रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले की रस्ते ओस पडत, तिथे कॉमिक्सचे काय? १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडले आणि बहादूरही थांबला.

आमच्या पिंपरी-चिंचवडला या काळाची वेगळी आठवण आहे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को, बजाज ऑटो आणि भोसरीची लहान-मोठी वर्कशॉप. चाकणचे कारखाने बरेच नंतरचे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, केरळ, कुठून कुठून माणसे आली आणि एका खोलीत चार-चार राहिली. शिफ्टवरून आल्यावर वाचायला जे मिळे ते रद्दीच्या दुकानातून. माझ्या पिढीने इंद्रजालचे अंक नवे कमी, जुनेच जास्त वाचले. दोन द्या, एक न्या. आमच्या घरात फळीवर 'जासूसी दुनिया' असायची आणि दप्तरात वेताळ. शेजारच्या घरात झुंजार. आम्हाला धनंजय ठाऊक होता. शेजारच्यांना फरीदी ठाऊक नव्हता. यात शेजाऱ्यांचा दोष नाही, तो मराठीत आलाच नव्हता.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. चित्राखालची दोन ओळींची मराठी या मुलांना धड्यातल्या मराठीपेक्षा लवकर कळते, हा माझा रोजचा अनुभव आहे. पुढे काय झाले हे कळायचे असेल तर माणूस अडखळत का होईना वाचतो. अर्नाळकर आणि इब्ने सफी यांनी दोन भाषांना वाचक दिले ते याच भुकेच्या जोरावर. म्हणून मी मध्यंतरी नववीच्या वर्गाला काम दिले. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून बेअरिंगची पेटी नाहीशी झाली आहे, तपास करणाऱ्याचे नाव ठरवा आणि गोष्ट लिहा. बहुतेक वह्यांत डिटेक्टिव्हचे नाव राहुल, अर्जुन किंवा विक्रम होते. वर्गात या नावाचा एकही मुलगा नाही. चोर मात्र काही वह्यांत सलीम होता.

मी काही बोलण्याआधी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मराठीत लिहायचं म्हणून नाव बदलायलाच पाहिजे का?"

मी नाही म्हणालो. मग फळ्यावर एका रांगेत सात नावे लिहिली. धनंजय, झुंजार, फरीदी, विनोद, इमरान, राजेश, बहादूर. कोणाचे नाव कोणी बदलले ते सांगितले आणि वह्या परत दिल्या. दुसऱ्या दिवशी काही राहुल राहुलच राहिले होते, आणि त्यात वाईट काही नाही. तिच्या वहीत तपास करणारी शमीम होती, चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर, स्कूटीवरून फिरणारी. चोर निघाला वर्कशॉपचा मालकच, विम्याच्या पैशांसाठी. गोष्ट चार पानांची, शुद्धलेखनाच्या चुका अठरा. मी जोडाक्षरे तेवढी लाल शाईने दुरुस्त केली.