परळचे वैद्यकीय महाविद्यालय आणि भारतीय डॉक्टरांची कारकीर्द

वैद्यकीय कारकिर्दीचे नियोजन ही सामान्यतः व्यक्तिगत बाब मानली जाते. मुंबईचा इतिहास मात्र तिची दुसरी बाजू दाखवितो. १८४५ मध्ये भायखळा येथे ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन झाले व १८५१ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तथापि तेथील प्राध्यापकपदे दीर्घकाळ प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडेच राहिली. या सेवेची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून भारतीयांना खुली झाली खरी; परंतु ती लंडनमध्ये होत असे. परिणामी मुंबईत शिकलेल्या बहुतेक गुणवंत डॉक्टरांपुढे दुय्यम शासकीय पद किंवा खाजगी व्यवसाय हेच मार्ग उरत.

ही कोंडी परळमध्ये फुटली. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी अट घातली. १९२६ मध्ये हे महाविद्यालय व महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय गिरणगावात सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले. रुग्णसेवेसोबत अध्यापनाची वाटही त्यामुळे भारतीय डॉक्टरांना आपल्याच शहरात मोकळी झाली.

नववर्षारंभी कारकिर्दीचा आराखडा आखताना हा इतिहास लक्षात घेणे उचित ठरेल. पात्रता व्यक्ती कमावते. त्या पात्रतेला दार उघडे आहे की नाही, हे मात्र संस्था ठरवितात.