आघातोत्तर बाह्यक-उद्दीपनशीलता

डोक्याला मार बसल्यानंतर मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी किती सहज चेतवल्या जातात, यात होणारा बदल. त्याचा अभ्यास मुख्यतः उंदरांवर झाला असला, तरी पुण्याजवळच्या पिंपळे गुरवहून नाशिक फाट्यामार्गे चाकणला दुचाकीने कामावर जाणाऱ्यालाही तो जवळचा आहे. अपघातातून बरा होऊन घरी आलेल्या माणसाला काही महिन्यांनी, कधी वर्षांनी फिट का येते, याचा शोध इथूनच सुरू होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या नोंदींवरून ॲनेगर्स व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार ३० वर्षांत अपस्मार जडण्याची शक्यता तीव्र इजेनंतर सुमारे १७ टक्के, तर सौम्य इजेनंतर २ टक्के भरते.

प्रयोगात भूल दिलेल्या उंदराच्या कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या आवरणावर द्रवाच्या दाबाची क्षणिक लाट सोडतात, किंवा यंत्राचा दट्ट्या ठरावीक वेगाने व ठरावीक खोलीपर्यंत आदळवतात. रस्त्यावरचा अपघात इतका शिस्तीचा नसतो.

मार बसताच पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा लोंढा सुटतो, पोटॅशियम पेशींबाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि पाठोपाठ बाह्यकाची विद्युत्-क्रिया मंदावते. बाह्यकावर पसरत जाणाऱ्या अशा मंदीचे वर्णन ब्राझीलचे लेआओ यांनी १९४४ मध्येच सशांवरील प्रयोगांतून केले होते.

फसवा काळ त्यानंतरचा. गॅबा सोडून शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या, पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन बाळगणाऱ्या पेशी जखमेभोवती हळूहळू निकामी होतात. बॉस्टनमधील अलेक्झांडर रोटेनबर्ग यांच्या गटाने (२०१७) मेंदूला लागोपाठ दोन चुंबकीय स्पंद देऊन हे मोजले. निरोगी उंदरात पहिल्या स्पंदामुळे दुसऱ्याला मिळणारा स्नायूंचा प्रतिसाद दबतो. जखमी उंदरांत ही दाबण्याची शक्ती सहा आठवड्यांत ओसरत गेली. त्या मुदतीत उपचार करून अपस्मार टाळावा, ही आशा रास्तच. मात्र उंदराचा मेंदू गुळगुळीत, आपल्यासारख्या वळ्या नसलेला, आणि असे बहुतेक प्रयोग तरुण नरांवरच झालेले.

माणसांतला अनुभव अधिक सावध करतो. टेमकिन व सहकाऱ्यांच्या १९९० च्या चाचणीत ४०४ रुग्णांपैकी काहींना फेनिटॉइन हे झटके रोखणारे औषध, इतरांना निष्क्रिय औषध दिले. फेनिटॉइनने पहिल्या आठवड्यातले झटके घटले, पुढचे नाहीत. तीव्र इजेनंतर प्रतिबंधक औषध साधारण सात दिवस देऊन, झटका आलेला नसल्यास, थांबवण्याची पद्धत त्यातून रूढ झाली.